बाबांचं हिमोग्लोबिन आठावर अडकलंय, आणि उंदरांवरचा एक प्रयोग वाचनात आला

जाईजुई
१७ मे, रात्री ११.४०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा ६७ वर्षांचे. वीस वर्षांपासून शुगर, त्यातच किडन्या गेल्या. मागच्या दिवाळीपासून डायलिसिस सुरू आहे, मंगळ-गुरू-शनि, सकाळी साडेसहाची पाळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो, सेंटर धंतोलीत आहे. मी स्कूटरवर त्यांना सोडते, मशीन लागलं की तिथूनच ऑफिसला जाते. घ्यायला भाऊ येतो. गळ्याजवळ कॅथेटर आहे. हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शीर आणि धमनीची जोडणी) मार्चमध्ये केला, तो अजून तयार झालेला नाही.

अडचण हिमोग्लोबिनची. फेब्रुवारीत ८.६, मार्चमध्ये ८.४, एप्रिलमध्ये ८.२ आणि परवा ८.१. रक्तपेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आधी ४००० युनिट आठवड्यातून दोनदा होतं, आता तीनदा आहे. सलाईनमधून लोहही देऊन झालं. तरी आकडा खालीच. हिवाळ्यापर्यंत बाबा सकाळी सक्करदऱ्यापर्यंत चालत जायचे, आता फाटकापर्यंत गेले की ओट्यावर टेकतात. सकाळी चहाचा कप हातात धरतात तेव्हा त्यांची नखं माझ्या नजरेला पडतात. कागदासारखी पांढरी झाली आहेत. मी रोज ती नखं बघते, रिपोर्टपेक्षा मला त्यांचीच भीती वाटते.

आत्या दर रविवारी इतवारीहून बीट आणि डाळिंबं घेऊन येते. "रक्त वाढते ना यानं, देत काहून नाही?" पोटॅशियममुळे देता येत नाही हे तिला चारदा समजावलं. संत्री तर घरात आणणंच बंद केलं, आणि नागपुरात राहून हे करायचं म्हणजे बाबांसाठी सोपं नाही. पण आत्याचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. रिपोर्टमध्ये फेरिटिन ७८० आहे, म्हणजे साठ्यात लोह भरपूर. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात वापरासाठी फिरणारं लोह, मात्र १४ टक्के. आत्या म्हणाली, "लोह इतकं आहे तर रक्त काहून बनून नाही राहिलं?" मला उत्तर देता आलं नाही.

मग रात्री वाचत बसले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक अभ्यास सापडला. त्यात म्हटलंय की रक्तातलं फॉस्फेट वाढलं की किडनीच्या आजारातला अ‍ॅनिमिया आणखी बिघडतो. बाबांचं फॉस्फरस ७.४ आहे. आजवर फॉस्फरस म्हणजे हाडं आणि अंगाची खाज एवढंच आम्हाला सांगितलं गेलं होतं. रक्ताशी त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उंदरांचं माणसाला कितपत लागू पडतं? इंजेक्शनचा डोस आणखी वाढवा असा आग्रह मी डॉक्टरांकडे धरावा का? आणि घरात आम्ही कुठे चुकतो आहोत का? तिसऱ्याचं उत्तर कठोर असलं तरी चालेल.

---

सोनचाफा
१८ मे, सकाळी ७.१५

जाईजुई, मी डॉक्टर नाही. सहा वर्षं प्राण्यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यातली चार वर्षं किडनीचे उंदीर सांभाळण्यात गेली. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

आधी आत्याबाईंचा प्रश्न, कारण सगळी गोम तिथेच आहे. रोज हाडांच्या मज्जेला नव्या रक्तपेशी बनवायला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून त्यातलं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम येतं. बाकीचं शरीर जुन्या पेशी मोडून परत मिळवतं. प्लीहा आणि यकृतातल्या पेशी म्हाताऱ्या लाल पेशी गिळतात आणि त्यांतलं लोह परत रक्तात सोडतात. ते बाहेर पडायचं दार एकच, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक येतं आणि ते हे दार बंद करतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून कुठे संसर्ग किंवा दाह झाला की शरीर लोह आत कोंडून ठेवतं. दोन-चार दिवसांच्या तापात हे शहाणपणाचं आहे. पण किडनीच्या रोग्याच्या शरीरात दाह महिनोन् महिने धुमसत राहतो, आणि हेप्सिडिन लघवीवाटे बाहेर टाकायचं कामही किडनीचंच, तेही थांबलेलं. मग दार बंदच राहतं. फेरिटिन ७८० म्हणजे कोठार भरलेलं, सॅच्युरेशन १४ म्हणजे बाजारात धान्य नाही. बीट खाऊन हे सुटणार नाही.

आता उंदीर. आम्ही खाद्यात ०.२ टक्के अ‍ॅडेनिन मिसळायचो. त्याचे स्फटिक किडनीच्या नलिकांत साचतात आणि काही आठवड्यांत किडनी निकामी होते. अ‍ॅडेनिनची चव उंदरांना आवडत नाही, ते खाणंच सोडतात, म्हणून केसीन घालून चव झाकावी लागते. पहिल्या खेपेला आम्ही ते केलं नव्हतं. उंदीर सुकले आणि ते आजारानं सुकले की उपासमारीनं हे सांगता येईना. सगळी खेप फुकट गेली. हे सांगायचं कारण, उंदरावरचा निष्कर्ष वाचताना त्याला काय खायला घातलं होतं हे आधी बघावं.

पुढची गंमत शेपटीची. पारदर्शक नळीत उंदीर बसवून शेपटी कोमट पाण्यात धरली की शीर फुगते आणि थेंब काढता येतो. निरोगी उंदराचा थेंब काचेवर घट्ट लाल बसतो. दोन महिन्यांच्या आजारी उंदराचा थेंब पसरतो, कडेला गुलाबी दिसतो. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन मिलिलिटर रक्त असतं. दर आठवड्याला जास्त नमुने घेतले तर आपणच त्याला अ‍ॅनिमिया करून ठेवतो. तुमच्या बाबांच्या किती तपासण्या होतात आणि किती नळ्या भरल्या जातात, हेही एकदा बघा.

तुम्ही वाचलेला अभ्यास मला माहीत आहे. त्यात किडनी निरोगी असलेल्या उंदरांनाही जास्त फॉस्फेटचं खाद्य दिलं, तरी दाह, अ‍ॅनिमिया आणि स्नायूंची झीज दिसली. उलट बाजूनं, जन्मजात किडनीविकार असलेल्या उंदरांना कमी फॉस्फेटचं खाद्य दिलं तेव्हा अ‍ॅनिमिया आणि झीज दोन्ही सौम्य झाली. यकृताच्या पेशी बशीत वाढवून त्यांवर फॉस्फेट घातलं तर हेप्सिडिन वाढलं. म्हणजे फॉस्फेट यकृताला चिडवतं आणि यकृत लोहाचं दार लावतं, अशी ती साखळी.

एका बाबतीत मात्र प्रयोगशाळांचं जुळत नाही. फॉस्फेट वाढलं की हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक वाढतं. २०१८ मध्ये एका गटानं ते अडवलं आणि किडनी कापून कमी केलेल्या उंदरांचा अ‍ॅनिमिया सुधारला. २०२२ च्या अभ्यासात एफजीएफ-२३ चा एक रिसेप्टर (पेशीवरची त्याची पकडायची जागा) काढून टाकूनही उंदरांचा त्रास टळला नाही. रिसेप्टर अनेक आहेत, त्यामुळे दोन्ही खरं असू शकतं. आणि हेप्सिडिनच नसलेले उंदीर अ‍ॅडेनिनवर ठेवले तर त्यांचा अ‍ॅनिमिया सौम्य राहतो, पण किडनी बिघडलेलीच असते. माझ्या मते हेप्सिडिनचा वाटा त्यानं पक्का होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: साखळी माणसातही तीच आहे, पण वेग आणि प्रमाण तेच धरू नका. उंदराची लाल पेशी सुमारे ४० दिवस जगते, माणसाची १२०, आणि किडनीच्या रोग्यात त्याहून कमी. उंदरात महिन्यात दिसणारा फरक बाबांमध्ये दिसायला दोन-तीन महिने लागतील. पुढच्याच रिपोर्टला हिरमुसू नका.

डोसचा आग्रह धरू नका, हे मात्र ठामपणे सांगतो. हिमोग्लोबिन १३ किंवा त्याच्या पुढे नेण्यासाठी ही इंजेक्शनं वाढवली तेव्हा रोग्यांना फायदा झाला नाही. २००६ च्या एका मोठ्या चाचणीत मृत्यू आणि हृदयाचे त्रास वाढले, २००९ च्या चाचणीत पक्षाघात वाढले. दार बंद असताना चाबूक जास्त मारून उपयोग नाही.

---

नागनदीकाठ
१८ मे, दुपारी ३.०५

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. उंदरांचं वरच्या दादांनी छान सांगितलं. मी मशीनच्या बाजूनं चार गोष्टी विचारतो, तुम्ही उत्तरं द्या.

एक. इंजेक्शन तुम्ही कुठून आणता आणि कसं आणता? ते २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे. आपल्याकडे आता ४५ चा पारा आहे आणि नवतपा अजून लागायचाच आहे. उन्हात उभ्या स्कूटरची डिक्की म्हणजे तंदूर. तिथं अर्धा तास राहिलेल्या इंजेक्शनवर मी भरवसा ठेवणार नाही. आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, गोठलं तरी वाया जाते. हलवायचंही नाही.

दोन. मशीनवर असताना बाबांना थंडी वाजून येते का? ताप? कॅथेटरवाल्या पेशंटचं हिमोग्लोबिन वाढत नसेल तर मी आधी कॅथेटरकडे बघतो. आतल्या आत जंतू बसलेले असतात, बाहेरून जागा स्वच्छ दिसते. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, कधी केला?

तीन. मशीन सुटताना रक्त पूर्ण परत जाते का? डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनच्या फिल्टरमध्ये, गुठळ्या राहतात का? सुटल्यावर फिल्टर पांढरा दिसायला पाहिजे. लाल पट्टे राहिले तर तेवढं रक्त दर पाळीला फेकलं जाऊन राहिलं आहे. वर्षाला १ ते ३ ग्रॅम लोह असं थेंबाथेंबानं जाते. भावाला सांगा, घ्यायला येतील तेव्हा एकदा फिल्टर बघायला मागा. कोणी नाही म्हणणार नाही.

चार, आणि हे मी सगळ्यांना विचारतो. फॉस्फरसची गोळी बाबा कधी घेतात? किती वाजता, कशाबरोबर?

हिशेब सांगतो. माणूस दिवसाला १००० मिलिग्रॅम फॉस्फरस खातो असं धरा, त्यातलं साधारण ६०० अंगी लागते. आठवड्याचे ४२०० झाले. एका डायलिसिसनं ८०० ते १००० निघते. तीन पाळ्यांचे झाले २७०० च्या आसपास. उरलेले दीड हजार कुठे जातील? ते गोळीनंच अडवायचे आहेत. आणि गोळी पोटात अन्नातल्या फॉस्फेटला धरते. अन्न नाही, तर धरायला काही नाही.

---

जाईजुई
१८ मे, रात्री १०.२०

दोघांचेही मनापासून आभार. सोनचाफा, तुमचा प्रतिसाद मी आत्याला वाचून दाखवला. कोठार आणि बाजार तिला पटलं. म्हणाली, "मग दार उघडायचं बघा."

नागनदीकाठ भाऊ, तुमचे प्रश्न हातात घेऊन आज घरभर फिरले.

इंजेक्शन. मी महिन्याची इंजेक्शनं एकदम आणते. दुकानदार छोट्या थर्माकोलच्या डब्यात देतो, तो डबा मी डिक्कीत ठेवते आणि तशीच ऑफिसला जाते. एप्रिलमध्ये नक्की असंच झालं. स्कूटर दुपारी दीड तास उन्हात होती. घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं, म्हणून आपण सांभाळलं असंच मला वाटत होतं. दरवाजाच्या कप्प्यात ठेवत होते, आणि तो दरवाजा आमच्याकडे दिवसात पन्नास वेळा उघडतो. हे माझ्या हातून झालं आहे. आज दुपारपासून तेच मनात आहे.

थंडी. हो. एप्रिलमध्ये दोनदा वाजली होती. एसीमुळे असेल म्हणून आम्ही घरून शाल न्यायला लागलो. सीआरपी शेवटचा जानेवारीत केलेला दिसतो.

फिल्टर भाऊ गुरुवारी बघेल.

आणि गोळी. बाबांचा प्लॅस्टिकचा सात कप्प्यांचा डबा आहे, सकाळ-दुपार-रात्र. रविवारी मीच भरते. सेव्हेलामरच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, तीन गोळ्या मी तीन कप्प्यांत बरोबर टाकते. आज प्रथमच विचारलं, "बाबा, ही मोठी पांढरी कधी घेता?" ते म्हणाले, सकाळची चहाबरोबर, बाकीच्या दोन्ही रात्री झोपताना, कारण गोळी मोठी आहे, घशात अडकते, तिला पाणी जास्त लागतं, आणि पाणी मोजूनच प्यायचं तर सगळ्या गोळ्या एका घोटात उरकलेल्या बऱ्या. दिवसभराच्या आठशे मिलिलिटरमधून त्यांनी गोळीसाठी पाणी वाचवलं होतं. जेवण दुपारी एक वाजता, रात्री आठला. गोळ्या साडेदहाला.

मला रागावता आलं नाही. पाणी कमी प्या, कमी प्या, हे मीच त्यांच्या मागे लागून सांगत आले आहे.

---

अंबाझरी
१९ मे, सकाळी ९.३०

जाई, माझ्या यजमानांचं डायलिसिस सहा वर्षं झालं, म्हणून तुला अगं-तुगं करते. गोळीचं आमच्याकडेही हेच होतं. आता मी वाढायला बसले की त्यांची गोळी ताटातच ठेवते, लोणच्याच्या जागी. लोणचं बंद आहेच. पहिला घास, मग गोळी, भाताच्या मऊ घासाबरोबर. पाणी फारसं लागत नाही. गोळी चावू मात्र देऊ नको, ही गिळायचीच असते.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

डाळ, दूध एकदम तोडू नको. मशीनवरच्या माणसाला प्रथिनं जास्तच लागतात, आणि ती कमी केली तर स्नायू जातात. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी रोज अंड्याचा पांढरा भाग सांगितला, त्यात फॉस्फरस फार कमी. जे तोडायचं ते पाकिटातलं. डाळीतलं फॉस्फेट निम्म्याच्या आसपास अंगी लागतं, पाकिटातलं वरून घातलेलं जवळपास सगळं. वेष्टनावर बरेचदा फॉस्फेट असा शब्द नसतो, आकडे असतात: ३३८ ते ३४१, ४५०, ४५१, ४५२. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये ३३८, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. नूडल्स, चीजचे काप, तयार केकचं पीठ, सगळं उलटून बघ. यजमान उन्हाळ्यात तहान भागत नाही म्हणून अर्धा ग्लास काळं कोल्ड्रिंक घ्यायचे. थोडंसंच तर आहे, असं मलाही वाटायचं.

दुसरं, तू विदर्भातली आहेस म्हणून विचारते. बाबांची सिकलसेलची तपासणी कधी झाली आहे का? आपल्याकडे बऱ्याच घरांत ट्रेट, म्हणजे या आजाराचा एकच जनुक, असतो आणि आयुष्यभर कळत नाही. ट्रेट असलेल्या डायलिसिसच्या पेशंटना इंजेक्शनचे डोस जास्त लागतात असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. आमच्या डॉक्टरांनी एकदाच ती तपासणी करून घेतली आणि तो प्रश्न मिटवला.

रक्त चढवायची घाई मात्र करू नका, बाबांना पुढे किडनी बसवायचा विचार असेल तर तर नाहीच. दुसऱ्याचं रक्त घेतलं की अंगात अ‍ॅंटीबॉडी तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं कठीण होतं. आठाच्या खाली जाऊन दम लागला तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

---

सोनचाफा
१९ मे, रात्री ८.५०

गोळ्यांचं वाचलं. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं, हे मोठं काम झालं.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा आणखी एक विचारून ठेवा. इंजेक्शनाऐवजी तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचा नवा वर्ग आला आहे. शरीराला ऑक्सिजन कमी पडतो आहे असं भासवून त्या आतूनच एरिथ्रोपोएटिन वाढवतात, आणि हेप्सिडिनही खाली आणतात. ज्या शोधावर त्या उभ्या आहेत त्याला २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. अहमदाबादेत तयार झालेली डेसिडुस्टॅट भारतात २०२२ पासून मिळते. बाबांना चालेल की नाही हे त्यांचं हृदय, डोळ्यांचे पडदे आणि बाकी औषधं बघूनच ठरेल. संसर्ग असेल तर तो आधी निस्तरावा लागेल.

---

जाईजुई
१३ जून, रात्री ९.४५

इतके दिवस लिहायला जमलं नाही. काय काय झालं ते सांगते.

सीआरपी ४६ आला. लगेच रक्ताचं कल्चर केलं, त्यात जंतू निघाले. नागनदीकाठ भाऊ म्हणाले तसंच, कॅथेटरची जागा बाहेरून अगदी स्वच्छ होती. अ‍ॅंटिबायोटिक सुरू झालं, कॅथेटर बदललं. बाबांना चार रात्री ठेवून घेतलं होतं. शालीची घडी मी आता कपाटात ठेवली आहे. सेंटरमध्ये थंडी वाजली तर आधी थर्मामीटर, हे आम्ही घरात ठरवून टाकलं.

फिल्टर पांढरा निघाला, तिथे काही गळती नव्हती. सिकलसेलची तपासणी झाली, नाही निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शनचा डोस वाढवला नाही. म्हणाले, आधी दाह उतरू द्या. नव्या गोळीचं विचारलं, तर बाबांचे डोळ्यांचे पडदे तपासल्यावर बोलू म्हणाले. तारीख २० ची आहे.

इंजेक्शन आता चारच एका वेळी आणते, ऑफिस सुटल्यावर, ऊन उतरल्यावर. टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशवीबरोबर डबा मांडीवर धरून रिक्षानं येते. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात मागे ठेवते.

गोळी ताटात, लोणच्याच्या जागी. पहिल्या दिवशी बाबांनी ती बाजूला सारली, म्हणाले जेवणाची चव जाते. दुसऱ्या दिवशी आत्या समोर बसली. बीट आणायचं तिनं थांबवलं, आता रविवारी येते ती हे बघायला की तिचा भाऊ, म्हणजे बाबा, गोळी घासाबरोबर घेतो की नाही.

काल रिपोर्ट आला. फॉस्फरस ५.८. सीआरपी ११. हिमोग्लोबिन ८.५.

सोनचाफा, तुमच्या उंदरांत एका वेळी एकच गोष्ट बदलतात, म्हणून काय कशामुळे झालं ते सांगता येतं. आमच्याकडे कॅथेटर, इंजेक्शन आणि गोळी तिन्ही एकाच महिन्यात बदललं. ८.१ चं ८.५ कशामुळे झालं हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्ही म्हणालात तसं खरा फरक कळायला ऑगस्ट उजाडेल. तोवर मी इथेच आकडे लिहीत जाईन, कोणाच्या उपयोगी पडले तर.

अंबाझरी ताई, एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात वर्ध्याला लग्न आहे, बाबांना जायचंच आहे. पंगतीत जेवण किती वाजता वाढतील याचा भरवसा नसतो. गोळी मी खिशात देऊन ठेवू, की यजमानांबरोबर तुम्ही काही वेगळं करता?

---

अंबाझरी
१३ जून, रात्री १०.१०

शर्टाच्या वरच्या खिशात, कागदाच्या पुडीत. आणि पुडीवर पेननं मोठ्या अक्षरात लिही: पहिल्या घासाला. शेजारी कोण बसणार आहे त्यालाही सांगून ठेव. मठ्ठा आणि बासुंदी वाढणाऱ्याला मी स्वतःच हात करून पुढे जायला सांगते.